कुणाचं पोर हाय ते?

माझं बोलणं शेरभर घेतलं तर त्यात छटाकभर खरं निघतं, असं आमची सौ. येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातच सांगून ठेवते. असू दे. पण शेवंताताईच्या बाबतीत मला पदरची भर घालायला जागाच नाही. देवानंच तिथं हात सैल सोडला होता.

आमचं गाव शिराळ्यापासून एसटीनं अर्ध्या तासावर. मी तिथल्या हायस्कुलात दहावीला गणित शिकवायचो. दहावीचा वर्ग आणि गावची अंगणवाडी यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला एक खिडकी. खिडकीला गज होते, झडपा नव्हत्या. त्यामुळं तिकडून इकडे बडबडगीतं यायची आणि इकडून तिकडे प्रमेयं जायची. आमच्या गावची पोरं आईचं दूध सोडायच्या आधी कर्णाचा वर्ग पुटपुटायची. विचारा कुणालाही. मला सोडून.

एकदा मी 'रेषेचा चढ' घेत होतो. फळ्यावर चौकटी आखल्या, दोन अक्ष ओढले आणि डावीकडं वरून निघून उजवीकडं खाली घसरत जाणारी एक झकास रेघ मारली. म्हटलं, "पोरांनो, नीट बघा. ही रेघ पुढं जाईल तशी खाली येते. म्हणून हिचा चढ ऋण."

तेवढ्यात खिडकीतून किंकाळी आली.

"आवं सर! सर! कुणाचं पोर हाय ते?"

मी दचकलो. गजांना धरून अंगणवाडीच्या शेवंताताई उभ्या. एक पोर कडेवर, एक पदराला, आणि डोळे फळ्यावर.

"कुठलं पोर, ताई?"

"ते काय फळ्यावरचं! कवापास्नं खाली चाललंय? आन् तुमी नुसता खडू घिऊन हुबं ऱ्हायलाय व्हय!"

वर्ग असा हसला की कौलांवरची चिमणी उडाली ती थेट वारणा ओलांडून गेली. मीही हसलो. ताई हसली नाही. मी तिला समजावलं की हे कुणाचं पोर नाही, ही नुसती रेघ आहे, पुस्तकातली.

"नुसती रेघ कशी आसंल?" ती म्हणाली. "रेघ हाय म्हंजी कुणाची तरी आसलंच की." जरा थांबली. "बरं, तुमी म्हणताय तर न्हाई कुणाची. पर पुसा ती. मला बगवंना."

मी पुसली. पुसल्यावरच ती खिडकीतून हलली.

शेवंताताई बारीक, उंच, आणि कपाळावर आठ्या अशा की पावसाळ्यात त्यात भात लावला असता तर पोतंभर निघाला असता. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. ती पेन्सिल मी कधी टोक नसलेली पाहिली नाही. पायात रबरी चप्पल आणि चाल अशी की पुढच्या वळणावर काहीतरी वाईट घडलंय आणि हिला तिथं वेळेत पोहोचायचंय.

काळजी करणं हे काही लोकांचं दुखणं असतं, काहींची सवय. ताईचा तो धंदा होता आणि त्यात ती गावात एक नंबर होती. खिचडी शिजली की झाकणावर दोन विटा ठेवायची. पाल पडंल म्हणून. मी म्हटलं, "ताई, पाल काय पहारीनं झाकण उचकटणार हाय?" तर म्हणाली, "पालीचं काय सांगावं, सर." मग पहिली वाटी स्वतः खायची आणि घड्याळ समोर ठेवून पोटावर हात घेऊन पंधरा मिनिटं बसायची. काही होतंय का, वाट बघत. पंधरा मिनिटांत मेली नाही की पोरांच्या पंगती. वीस वर्षांत ती एकदाही मेली नाही, पण तिचा विश्वास काही बसला नाही.

दर अर्ध्या तासाला पोरं मोजायची. "सोळा, सतरा... आन् अठरावं कुठं गेलं?" हा आवाज आला की आम्ही पलीकडून शिकवणं थांबवायचो. अठरावं तिच्याच कडेवर असायचं. ते सापडलं की ती इतका मोठा सुस्कारा टाकायची की आमच्या वर्गातले आलेख कागद उडायचे.

तिचा नवरा दत्तूभाऊ हा शांत गडी. म्हशींत आणि तंबाखूत सुखी. तो म्हणायचा, "मास्तर, एक दिस जर हिला काळजी वाटली न्हाई ना, तर ही दवाखान्यात जाऊन झोपंल. म्हणंल, बगा मला काय झालंय."

त्या फळ्यावरच्या रेघेच्या दुसऱ्या दिवशी मी मधल्या सुट्टीत अंगणवाडीत गेलो. खरं सांगायचं तर चेष्टा करायलाच गेलो होतो. आढ्याला काटा टांगलेला, त्याला झोळी. भिंतीला लागून पत्र्याची पेटी, आणि पेटीत प्रत्येक पोराचा एकेक कागद. ताईनं मला एक काढून दाखवला. आडव्या पट्टीवर पोराचं वय, महिन्यांत. उभ्या पट्टीवर वजन. आडवं एक घर म्हणजे एक महिना, उभं एक घर म्हणजे शंभर ग्रॅम. मागं हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे छापलेले. दर महिन्याला पोराला झोळीत घालायचं, आकडा वाचायचा, कागदावर ठिपका द्यायचा आणि मागच्या ठिपक्याला जोडायचा.

"अरेच्चा," मी म्हटलं, "हा तर आमचाच धडा!"

"बगा मग ह्येचा चढ," ताई म्हणाली.

मला काय, हातचा मळ. रेघेवरचे दोन ठिपके धरले. एक घर पुढं, एक घर वर. छान पंचेचाळीस अंशांत चाललेली, डोळ्याला गोड वाटणारी रेघ. मी म्हटलं, "चढ एक. उत्तम!"

"एक काय?"

"एक म्हणजे... एक."

"आवं पर एक काय? किलो, का शेर, का आंबं?"

बावीस वर्षं मी चढ शिकवत होतो. हजारभर पोरांनी माझ्या हाताखाली चढ काढला. पण 'एक काय' हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी गप्प झालो, आणि मी गप्प झालो ही बातमी संध्याकाळपर्यंत तीन गावांत पोहोचली.

ताईनं अंगठ्याचं नख पहिल्या घरावर ठेवलं. "ह्ये आडवं घर म्हैन्याचं. ह्ये हुबं घर शंभर ग्रॅमचं. म्हंजी ह्यो तुमचा एक म्हंजी म्हैन्याला शंभर ग्रॅम. पोर चार म्हैन्याचं हाय, सर. ह्या वयाला म्हैन्याला पाच-सा घरं वर जाया पायजे. रेघ दिसती गॉड, पर पोर उपाशी हाय." मग आवाज खाली गेला. "तिच्या आईला दूधच न्हाई. सांगत न्हवती कुणाला. लाजत व्हती."

त्या दिवसापासून मी वर्गात चढ काढून झाला की विचारायला लागलो, "एक काय?" पोरं वैतागायची. वैतागू देत.

तिचं वाचणं असं होतं. पोर गोरं का काळं, हसरं का रडकं, हे ती नंतर बघायची. आधी कागद. आणि कागदावरही ठिपका कुठल्या रंगात पडला यापेक्षा तिला मागच्या ठिपक्यावरून तो कसा आला याची जास्त फिकीर. पुढं सगळं मोबाइलवर आलं. वजन टाकलं की हिरवा रंग झळकायचा. ताई तेही इमानानं भरायची, पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर रेंज शोधत. पण कागदाची पेटी काही तिनं सोडली नाही. "मोबाइल सांगतोय पोर कुठं हाय. पर ते कुठं चाललंय, ते कोण बगणार?"

एकदा गावात सुदृढ बालक स्पर्धा ठेवली होती. पहिलं बक्षीस प्रेशर कुकर. कुकर पाच लिटरचा आणि गावात त्याची चर्चा अशी की निवडणूक मागं पडली. स्पर्धेच्या आठवडाभर आधी ताई खिडकीत आली, चेहरा पांढरा.

"सर, जरा या. गोदाकाकूच्या नातवाचं बगा."

मी गेलो. कागदावर रेघ तीन महिने मुंगीच्या पावलानं चाललेली आणि शेवटच्या एका महिन्यात सरळ उभी. एक घर पुढं, पंधरा घरं वर.

"एका म्हैन्यात दीड किलो," ताई म्हणाली. "ते माणसाचं पोर हाय का रेडकू?"

"कुकरची वाफ आत्तापासूनच भरली असंल," मी म्हटलं.

तिनं गोदाकाकूला नातवासकट बोलावलं. पोराच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेली जाडजूड कुंची. उन्हाळ्यात. पोराला उचललं तर खळखळ आवाज. ताईनं कुंचीची झालर उसवली, तर आतून वारणेतले गोटे पडायला लागले. मी मोजले नाहीत, पण त्या गोट्यांवर पुढं एका घराचा पाया भरला असं म्हणतात.

मी हसून गडाबडा लोळायचाच बाकी होतो. गोदाकाकू तोंडाला पदर लावून उभी. मला वाटलं, आता ताई हिला झाडणार. पण ताईचं गोट्यांकडं लक्षच नव्हतं. तिनं पोराला उघडं करून पुन्हा झोळीत घातलं, आकडा वाचला आणि काकूकडं वळली.

"काकू," ती म्हणाली, "कुकरचं ऱ्हाऊ दे. पोर गेल्या म्हैन्यापरास कमी भरलंय. आन् तुमी वर दगडं बांधताय. ह्यो खरा ठिपका मला दिसलाच नसता, तर मी काय केलं असतं?"

स्पर्धेच्या दिवशी ते पोर झोळीत आलंच नाही. ताई दोन महिने रोज शेंगदाण्याचे लाडू पदराखाली घेऊन गोदाकाकूच्या घरी जात होती. गोट्यांची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. गावभर केली ती मी.

आता मी जरा हळू बोलतो, कारण पुढचं माझ्या घरचं आहे.

मी निवृत्त झालो. मुलगा फौजेत, लांब वरच्या अंगाला. सून अश्विनी आमच्याजवळ. तिला मुलगी झाली, ओवी. जन्मली तेव्हा तीन किलो, आणि पहिले आठ महिने पोरगी अशी वाढली की तिला मांडीवर घेतलं की माझ्या मांडीला कळ लागायची. गालावर टिचकी मारली तर गाल अर्धा तास हलत राहायचा. फौजी दर रविवारी फोनवर एकच विचारायचा, "किती भरली?" आणि आमची सौ. फोन हातात धरून तोंड दाबायची. वजन मोठ्यानं सांगितलं तर नजर लागते, हा तिचा सिद्धांत. या सिद्धांतापायी ती ओवीला झोळीत घालायच्या आधी मीठ-मोहऱ्या उतरून टाकायची आणि आकडा वाचताना इतर बायांना कान झाकायला लावायची.

ओवीला दहावा महिना सरला. दुपारच्या उन्हात शेवंताताई आमच्या घरी आली. ती कुणाच्या घरी उगाच जात नसे. हातात कागदाची सुरळी.

"सर, ओवीची रेघ मला बरी दिसत न्हाई."

सौ. ओट्यावरून गरजली, "ताई, हळू! आन् काय दिसत न्हाई? पोरगी बगा की, भोपळ्यावानी हाय!"

"हाय की. पर दोन म्हैने झालं..."

मी कागद ओढून घेतला. निवृत्त झालेला गणिताचा मास्तर म्हणजे बिनकामाचा पैलवान, कुणी हात लावायचीच वाट बघत असतो. मी चष्मा लावला. "ताई, रेषेवरचे कुठलेही दोन बिंदू घ्यावेत. पहिला घेऊ जन्माचा, तीन किलो. शेवटचा घेऊ आजचा, आठ किलो दोनशे. वाढ पाच किलो दोनशे, महिने दहा. चढ महिन्याला पाचशे वीस ग्रॅम." मी कागदावर गोल केला, पेननं. "आणि एक काय, तेही सांगितलं. आता बोला."

ती कागदाकडं बघत राहिली. "तुमी काढलंय म्हंजी बरूबर आसंल," ती शेवटी म्हणाली. "मला कुटं गणित येतंय." पाणीसुद्धा न पिता गेली. आणि हिरवा पट्टा होताच की, ओवीचा ठिपका त्यात मधोमध बसलेला. मी रविवारी फौजीला फोनवर पाचशे वीसचा आकडा ठणकावून सांगितला. सौ.नं त्या आकड्यावरूनही मीठ-मोहऱ्या उतरल्या.

महिना गेला. ओवी पुन्हा झोळीत बसली. त्याच दिवशी ताई पुन्हा आली. या वेळी ओट्याशी थांबली नाही, सरळ सोप्यात येऊन माझ्यासमोर बसली. कागद तिनं जमिनीवर नीट पसरला आणि डावा तळहात त्यावर ठेवला. पहिले सात महिने तळहाताखाली झाकले गेले. उरले फक्त शेवटचे चार ठिपके.

"आता काढा चढ," ती म्हणाली.

आठवा महिना, आठ किलो शंभर. नववा, आठ दोनशे. दहावा, आठ दोनशे. अकरावा, आठ दोनशे. तीन घरं पुढं, एक घर वर.

मी घरं पुन्हा मोजली. तेवढीच.

"सर, भिंतीपलीकडनं मी वीस वर्सं तुमचं आयकलंय," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "रेघ सरळ आसंल तर कुठलंबी दोन ठिपकं घ्या, चढ त्योच येतो. तुमीच सांगत व्हता. मग हितं म्हैनाभरापूर्वी तुमाला पाचशे वीस कसा आला, आन् आज हितं काय हाय? पोरांची रेघ वय वाढंल तशी थोडी कलती, त्ये मला ठावं हाय. पर ही कलली न्हाई. ही मोडलीया. आठव्या म्हैन्यात मोडलीया. तुमी पयला ठिपका आन् शेवटचा ठिपका धरून मधली मोड झाकली. मीबी गप बसले. मास्तर म्हणतोय म्हणून."

अश्विनी दारात उभी होती. ताईनं तिला विचारलं, "बाय, आठव्या म्हैन्यात काय झालं व्हतं?"

"काय नाही, ताई. बारीक ताप येतो-जातो. दात येतायत म्हणून..."

"कवापास्नं?"

अश्विनीनं बोटं मोजली आणि मोजता मोजता रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी कराडला मुलांच्या डॉक्टरांकडे. नंबर येईपर्यंत ओवी बाकावर बसून सगळ्यांकडे बघून हसत होती, गाल हलवत. डॉक्टरांनी तपासलं, लघवी तपासायला घेतली, मग सोनोग्राफी. लघवीच्या वाटेला संसर्ग होता, तीन महिने मुरलेला. दाखल केलं, सुया सुरू केल्या. सुई टोचताना अश्विनीनं पोरीला धरलं आणि मी भिंतीला. सौ. बाहेर बसून, मीठ-मोहऱ्या नव्हत्या म्हणून नुसतीच मूठ उतरत होती.

"आणखी काही महिने गेले असते तर मूत्रपिंडावर डाग पडला असता," डॉक्टर म्हणाले. "आत्ताच थोडा पडलाय का, ते नक्की सांगता येत नाही. वजन कसं जातंय बघू, संसर्ग पुरता गेलाय का ते त्यावरून बरंच कळेल. पण पोर तर गुटगुटीत दिसतंय. लक्षात कुणाच्या आलं?"

मी ताईचा कागद पुढं केला. पेन्सिलीचे ठिपके आणि मध्ये माझा पेनचा गोल, पाचशे वीस. डॉक्टरांनी गोलावर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

आयुष्यात एवढ्या थापा मारल्या, पण त्या वेळी एक सुचेल तर शपथ. म्हटलं, "माझी चूक."

घरी आलो आणि वाट बघणं सुरू झालं. महिना म्हणजे तीस दिवस असं मी पोरांना शिकवलं होतं; ते खोटं आहे. आमच्या घरी तो महिना एकशे चाळीस दिवसांचा होता. औषधाची बाटली, ताप बघायची नळी, आणि दर वेळी ओवीनं वाटी सरकवली की तिघांचे श्वास अडकायचे. फौजी आता रोज फोन करायचा आणि 'किती भरली' विचारत नव्हता. नुसतं "काय?" म्हणायचा.

बारावा महिना, आठ किलो तीनशे. ताई म्हणाली, "बगू."

तेरावा, आठ किलो सहाशे. तीन घरं वर! मी पेढे घेऊन अंगणवाडीत धावलो. ताईनं पेढ्याला हात लावला नाही. "सकाळी प्वॉट भरलेलं आसंल, सर. काट्याची कळ जरा हाललेली आसंल. एका पावलावरनं चाल वळखत न्हाई. अजून एक ठिपका यिऊ द्या."

"आणि तो खाली आला तर?"

"मला इचारू नगा ते," ती म्हणाली आणि पेटी उगाच उघडून बंद केली.

पण त्या महिनाअखेर ताई निवृत्त होणार होती. झाली. शाल, नारळ, भाषणं. खुर्ची मोडंल या भीतीनं ती सगळा समारंभ अर्धी टेकून बसली. दत्तूभाऊ दोन वर्षांपूर्वी गेले होते. मुलगा साताऱ्याला, तो न्यायला आला तर ताईनं त्याला एकट्याला परत पाठवलं. "आठवड्यानं यिते. एक ठिपका ऱ्हायलाय."

आठवड्यानं वजनाचा दिवस. नवी सेविका प्रियांका, हुशार, हसरी, बोटं मोबाइलवर सरसर चालणारी. ओवीला घेऊन आम्ही पोहोचलो तर ताई बाहेर पायरीवर बसलेली. शेजारी पिशव्या. समोरच एसटीचा थांबा, साडेअकराची सातारा गाडी.

"आत चला की, ताई."

"न्हाई. आता ती जागा तिची. मी वाकून बगितलं तर पोरीचा हात कापंल."

प्रियांकानं ओवीला झोळीत घातलं. पोरगी पाय झाडत होती, काटा नाचत होता. अश्विनीनं डोळे मिटले. मी काट्याकडं न बघता आढ्याकडं बघत होतो. आढ्यावर एक पाल होती आणि तीही थांबलेली.

"आठ किलो नऊशे," प्रियांका म्हणाली आणि मोबाइलमध्ये टाकलं. "हिरवा, सर!"

मी कागद घेऊन पायरीवर आलो. ताईनं अंबाड्यातली पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "ठिपका तुमी द्या. चढबी तुमीच काढा."

ठिपका देताना दोनदा खोडावा लागला. मग मी ओरडून नव्हे, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात गणित केलं. "बारावा ते तेरावा. एक घर पुढं, तीन घरं वर. महिन्याला तीनशे ग्रॅम."

"पुढं."

"तेरावा ते चौदावा. एक घर पुढं, तीन वर. तीनशे."

"आता मधला सोडा."

"बारावा ते चौदावा. दोन घरं पुढं, सहा वर. सहा भागिले दोन... तीनच. तीनशे."

"तिन्हीकडनं त्योच?"

"तोच, ताई. रेघ सरळ आहे."

तिनं कागद घेतला. चष्मा पुसला आणि नखानं प्रत्येक घर स्वतः मोजलं, माझ्यावर विश्वास नसल्यासारखं. आणि तो नव्हताच, बरोबरच होतं ते. मोजून झालं. तिनं ओवीचं पाऊल हातात घेतलं, जरा वेळ धरून ठेवलं. अश्विनी तिच्या पाया पडायला वाकली तर म्हणाली, "आगं, पोरगी पडंल कडंवरनं, नीट हुबी ऱ्हा."

तेवढ्यात गाडी आली. मी पिशव्या उचलल्या आणि पळत जाऊन पुढच्या दारात टाकल्या. कंडक्टर ओळखीचा, माझ्याच हाताखालून दोनदा नापास झालेला. ताई प्रियांकाचा निरोप घ्यायला म्हणून अंगणवाडीच्या दारातून आत वाकली.

एक मिनिट गेलं, दोन गेली.

"सर, बाई येणार हाय का न्हाई?" कंडक्टर म्हणाला.

मी मागं वळून बघितलं. दार उघडं होतं. पत्र्याच्या पेटीवर कुठल्यातरी दुसऱ्याच पोराचा कागद पसरलेला. प्रियांका आणि ताई, दोघी त्यावर वाकलेल्या, डोकी एकमेकींना लागलेली. ताईचा डावा तळहात कागदावर होता आणि कपाळावरच्या सगळ्या आठ्या परत जागेवर आल्या होत्या.

मी पिशव्या खाली घेतल्या.

"पुढची गाडी कितीला हाय रं?"

"दीडला."

"जा मग तू," मी म्हटलं.

त्यानं घंटी मारली. गाडी निघाली, धूळ उडाली, हॉर्न वाजला. आत कुणी मान वर केली नाही.